बाबांच्या कानाची जुळणी

३ ऑगस्ट

प्रिय बडबडे,

इतक्या वर्षांनी लिहितोय, तेही गरज पडली म्हणून. याची लाज वाटते, माफ कर. या नावाने हाक मारायचा हक्क घटस्फोटाबरोबर गेला की काय, यावर बराच वेळ अडलो. पण दुसरं नाव हाताला येईना.

बाबांचं कानामागचं यंत्र पडलं आणि त्यातली तू बसवून दिलेली आवाजाची जुळणी पुसली गेली. आता त्यांना नुसती घरघर ऐकू येते. नजर आधीच गेलेली, त्यामुळे लिहून दाखवायचीही सोय नाही. त्यांना वाटतं, मी आणि सांभाळायला येणाऱ्या मावशींनी अबोला धरलाय. परवा ताट सरकवून म्हणाले, "मी काय घोडं मारलंय तुमचं? एक शब्द तरी बोला रे!" मी त्यांचा हात गालाला लावून ओरडलो. त्यांनी हात काढून घेतला. कालपासून जेवले नाहीत.

तुझ्या जुन्या दवाखान्यातली नवी मुलगी यंत्र बघून म्हणाली, "अहो काका, हे वस्तुसंग्रहालयात द्या!" नवं बसवायचं तर कानाच्या आतला भागही बदलावा लागेल, म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया; या वयात डॉक्टर नको म्हणतात. मग माळ्यावरून तुझ्या सीडी आणि पेनड्राइव्ह काढला. जुळणीचा तो प्रोग्रॅम जुन्या विंडोजवरच चालतो, म्हणून भंगारवाल्याकडून कॉम्प्युटर आणला आणि त्यावर ते विंडोज चढवायला बसलो. निळ्या पडद्यावरची पट्टी शेवटापर्यंत यायची आणि तिथेच रुसून बसायची. सीडी शर्टाला पुसायची, पुन्हा पहिल्यापासून. एकदा तर मी त्या डब्याला हात जोडले. तू असतीस तर हसून लोळली असतीस. अखेर विंडोज सुरू होऊन पडद्यावर ती हिरवी टेकडी दिसली आणि मला रडू फुटलं. बाबा शेजारीच होते. त्यांना कळलं नाही.

आठवतं, तू पेपर वाचून दाखवत, ते हसेपर्यंत जुळणी करत राहायचीस? ती पेनड्राइव्हवर आहे, पण तुझ्या पासवर्डच्या आड. आधी मी माझंच नाव टाकलं. तो माज पोटात घाल. मग तुझं माहेरचं आडनाव. आता आणखी एकदा चुकलं तर सगळं कायमचं पुसलं जाईल, असं पडद्यावर आलंय. एक शब्द सुचतोय, पत्राच्या सुरुवातीला तुला हाक मारताना लिहिलाय तोच. पण तो तू ठेवला असशील असं मानणारा मी कोण?

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे कुरिअरने. तो शब्द कळव, बाकी काही लिहू नकोस. माझ्याशी अबोला राहू दे. बाबांशी कुणीतरी बोलतंय, एवढं त्यांना कळू दे.

सवय सुटत नाही म्हणून,
तुझाच

उद्या: उत्तर येईपर्यंत तो शब्द टाकून बघायचा मोह नको म्हणून कीबोर्ड कपाटात कुलपात ठेवून किल्ली मावशींकडे देणे.