कोपरखैरण्याच्या पुतळाबाई

प्रिय श्रुती,

वेबसाइट कशी चालवायची, हे तू विचारलंस. आधी कामाचं सांगते. विषय एकच धर आणि त्यालाच चिकटून राहा. लोक गुगलवर जसं विचारतात, तसंच शीर्षक दे. तुझ्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली तर तुला कमिशन मिळतं, हे लेखाच्या वरच स्पष्ट लिही, वाचक त्यामुळे पळून जात नाहीत. सोसायटीच्या ग्रुपवर रोज लिंका टाकू नकोस, लोक कंटाळतात. सहा महिने फार कुणी फिरकणार नाही, तरी लिहीत राहा. आणि जी वस्तू वापरली नाहीस, तिच्याबद्दल लिहू नकोस. हे शेवटचं मी पाळलं नाही.

तुला माहीत आहे, माझी साइट म्हाताऱ्या माणसांना लागणाऱ्या वस्तूंची. काठ्या, गुडघ्याचे पट्टे, गोळ्यांचे डबे. सासूबाई होत्या तोवर सगळं त्यांच्यावर आजमावून लिहायचे. त्या गेल्या आणि वस्तू वापरून बघायला घरात कुणी उरलं नाही. मग मी एक बाई बनवली. पुतळाबाई. कोपरखैरण्यात माथाडींच्या वसाहतीत तळमजल्याची खोली, साताऱ्याकडची विधवा, डाव्या हाताला सहा बोटं. सहावं बोट का दिलं, ते आजही सांगता येणार नाही. माणूस खरा वाटावा, एवढंच असेल. वाचकांना ती फार आवडली. गुडघे कसे आहेत म्हणून लोक तिची चौकशी करायचे.

मग बाथरूममध्ये धरायच्या दांडीवर लेख लिहायचा होता. भीती घातली की लोक घेतात, हे एव्हाना मला कळलं होतं. मंगळवारी मी लिहिलं, की पुतळाबाईंनी दांडी बसवायची टाळली आणि पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्या लेखाइतकी विक्री कधीच झाली नव्हती. पुढच्या आठवड्यात रणजीत नावाच्या माणसाची मेल आली. त्याची आई पुतळाबाई गुरुवारी घसरून पडली होती. त्याने शांतपणे एवढंच विचारलं होतं, की तुम्ही दोन दिवस आधी कसं लिहिलंत?

मेलखाली कोपरखैरण्याचा पत्ता होता. मी ह्यांना न सांगता दुपारी तिकडे गेले. तळमजल्याची खोली. बाई कॉटवर पडून होत्या, डावा हात चादरीवर. मी बोटं मोजली, पुन्हा मोजली. माझं नाव सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "तुमीच व्हय त्या? माझ्याबद्दल आता काय बी लिवू नगा, बाई." आवाजात राग नव्हता. एखाद्या डॉक्टरला विनवावं, तसं त्या म्हणाल्या. मी त्यांचे पाय धरले. रणजीत दारात उभा होता.

घरी येऊन मी त्यांच्यावरचे सगळे लेख काढून टाकले आणि ते बनावट होते असं साइटवर लिहिलं. निम्म्याहून जास्त वाचक गेले. दर रविवारी मी त्यांच्याकडे जाते. आता त्या वॉकर घेऊन दारापर्यंत येतात. मी गेले की आधी माझ्या हातात फोन आहे का, ते बघतात.

परवा तू तुझा पहिला लेख तपासायला पाठवलास. बीपीच्या मशीनवरचा. छान लिहिलायस, ओघ आहे. पण त्यात एक ताई आहे, माझ्यासारखीच खांदेश्वरला राहणारी. ती बीपी मोजत नाही आणि एका सकाळी बोलता बोलता तिची वाचा जाते. तुझ्या मनात वाईट काही नाही, मला ठाऊक आहे. काल सकाळी भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागताना तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. मी बोटाने दाखवली. दुपारपर्यंत आणखी शब्द गेले. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडलं नाही. आज तुला फोन लावायला घेतला आणि तुझं नाव घेऊन बघितलं. ओठ हलले, आवाज आला नाही. म्हणून लिहितेय. तो लेख पुसून टाक, श्रुती. हे वाचून झाल्या झाल्या पुस.

तुझीच, तुला हाक मारायला थांबलेली,
स्मिताताई