गौर खाली टेकवायची नाही

३ सप्टें.
ताई आली. करोल बागेतून नोएडापर्यंत बस, मग रिक्षा, वर माझे तीन मजले, हातात लाडवांचा डबा. पंच्याहत्तरीची बाई, पण दम लागलेला नाही. मी दारापर्यंत पोचेतो दोनदा बेल. "झोपली होतीस काय गं?" नाही, उठत होते.
ताई जन्मात कधी फिरायला गेली नाही. गोड चहा, दुपारची झोप. मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान, शाळेत पीटी टीचर होते, मुलींना उन्हात कवायत करायला लावायचे. अजून रोज पहाटे व्यायाम. आणि जिना मलाच चढवत नाही. चीड येते नुसती.

५ सप्टें.
अजय गुडगावहून आला. तेच पालुपद. "आई, फ्लॅट विकू. मेट्रो येतेय, आत्ता भाव आहे. माझ्याकडे लिफ्ट आहे." हो, आणि लाइट गेली की त्याच लिफ्टमध्ये लोक अडकतात.
वर म्हणे, "ताईमावशी बघ कशी चढते. तू हालचाल कमी केलीयेस." मी. हालचाल कमी. एक ठेवून द्यावीशी वाटली.

९ सप्टें.
रेवती आली होती, ताईची नात. लॅबमध्ये संशोधन करते. उन्हाळ्यात आम्हा दोघींचं रक्त नेलं होतं. म्हणाली, "छोटी आजी, स्नायूंचा एक जीन असतो, त्याची दोन रूपं. आजीला जोरवालं मिळालं, तुला दोन्हीकडून दुसरं. म्हातारपणी फरक पडतो."
एकाच आईबापांकडून?
"हो. वाटणी वेगळी होते. आणि सगळं एवढ्यानेच ठरत नाही बरं का. व्यायाम नसता केलास तर केव्हाच बसली असतीस."
म्हणजे वाटणीतही ताईलाच जास्त. पण दोष माझा नाही, हे ऐकून बरं वाटलं. लगेच अजयला फोन केला. मूर्खपणा. तो म्हणाला, "अच्छा, मग आता सुधारणार नाहीच. विकूयाच."

१० सप्टें.
अजयला सांगितलं. यंदाही गौर मीच वर आणणार. आणली तर विकायचा विषय बंद, नाही आणली तर बोलव तुझा दलाल. "बिल्कुल," म्हणाला. हसत होता मेला.
आमच्याकडे खालच्या तुळशीपाशी मुखवटा सुपात घेतला की घरात येईपर्यंत कुठेही टेकवायचा नाही. सासूबाईंचा दंडक. विधवेने आणू नये म्हणणाऱ्यांना मी हे गेले त्याच वर्षी गप्प केलं. जिन्याला भिऊ?
(भितेय.)

१८ सप्टें., गौरी आवाहन
सूनबाईंना ऑफिस. म्हणून ज्येष्ठा माझ्याकडे, कनिष्ठा ताईकडे. ताई मागे, तिच्या मागे अजय. पहिला मजला ठीक. दुसऱ्यावर मांड्या लटलटायला लागल्या. पुढचं पाऊल उचलेना. कठडा धरावा तर हातात सूप.
ताई हळूच म्हणाली, "दे इकडे, दोन्ही नेते." नेल्याही असत्या. नाही दिलं.
दुसऱ्या मजल्यावरची सरदारीण दारात आली, "बैठ जाओ आंटी जी." बसले. तिथेच पायरीवर, सूप मांडीत घट्ट धरून.
अजय म्हणाला, "झालं. बसलीस. आता आणलीस तरी धरायचं नाही."
ताई म्हणाली, "गौर टेकली का कुठे? मग?" आणि स्वतःही माझ्या शेजारी बसली, आपलं सूप मांडीत घेऊन. तिला बसायची गरज नव्हती. मुद्दाम बसली. हे तर जास्तच झोंबलं.
बऱ्याच वेळाने उठले. उठताना तिचा खांदा धरला. गौर घरात आली. ताईला थँक्यू म्हटलं नाही.

२० सप्टें.
विसर्जन झालं. ताई गेली. खिडकीतून पाहिलं, रिक्षामागे चक्क पळाली. देवा रे.
अजय अजून घोळवतोय, मध्ये बसून आणलेली गौर धरायची की नाही.

२१ सप्टें.
अजयचा फोन. दलाल रविवारी येतोय, "फक्त बघून जाईल." म्हणजे माझं आणणं धरलंच नाही. मांड्या अजून ठणकताहेत, तेल लावलं.
येऊ दे दलालाला तीन मजले चढून. वाजवू दे बेल. मला उठायला वेळ लागतो.