टीव्हीची डावी बाजू

रविवार संध्याकाळ, लालबाग

सापडला. लहानपणी टीव्हीवर लागायचा तो कोल्ह्याच्या बाहुलीचा कार्यक्रम, त्यातला माझा लाडका भाग कोणीतरी इंटरनेटवर टाकलाय. दुपारपासून तोच बघतेय. भाजी फोडणीला टाकायची राहिली, राहू दे.

तेव्हा मी तो अर्धाच पाहिला होता. आमच्या मजल्यावर टीव्ही फक्त शेजारच्या अण्णांकडे. आणि संप चालू असताना अण्णा गिरणीत कामावर गेले, म्हणून बाबांनी त्यांच्याशी बोलणं टाकलेलं. आम्हालाही त्यांच्या घरात जायची बंदी. मग गॅलरीत उभं राहून खिडकीच्या गजांतून बघायचं. मध्ये कपाट यायचं, त्यामुळे टीव्हीची डावी बाजू कधी दिसलीच नाही. त्या भागात कोल्हा सारखा डावीकडे बघून कोणाशी तरी बोलत होता. कोणाशी? मी रडून घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "कासवाशी. चष्मा लावलेल्या."

मला गप्प करायला काहीतरी ठोकून दिलं, असंच इतकी वर्षं वाटत होतं.

आणि आज डावीकडे कासव. चष्मा लावलेलं. मी खुर्चीतून उठलेच. पण बाबांना कसं कळलं? ते तर त्या खिडकीपाशी कधी फिरकलेही नाहीत.

फोन घेऊन आत गेले, विचारलं. बाबांनी फोन हातात घेऊन कासव जवळून पाहिलं.

"अण्णाला विचारलेलं. अख्ख्या संपात त्याच्याशी बोललो ते तेवढंच."