सकाळी सहाचा चोर

तीर्थस्वरूप भाऊजी,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (खरं कळवा. मागच्या वेळी ‘ठणठणीत’ असं लिहिलंत आणि तुमच्या लेकीकडून कळलं की जिना बसून उतरता.) आम्ही बरे आहोत. पत्राला कारण असं की एक अपराध कबूल करायचा आहे, तोही तुमच्याच बाबतीत केलेला.

ताईच्या गायनमंडळाची वेबसाइट तुम्हाला ठाऊकच आहे. सभासद एकेचाळीस, आत तालमींची रेकॉर्डिंग आणि सगळ्यांचे फोन नंबर. तिच्या सुरक्षेचं काम मंडळाने माझ्या गळ्यात घातलं, का, तर मी चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली. (या न्यायाने छत्रीवाल्याला हवामान खात्यात घ्यायला हवं.) मीही हरभऱ्याच्या झाडावर चढलो. पासवर्ड बारा अक्षरांचा, दर सोमवारी नवा. वर फोनवर येणारा आकडा. त्याच्याही वर एक गुप्त प्रश्न, तुमचा सर्वांत जवळचा मित्र कोण? शिंपीकाकांना टाइप करता येत नाही म्हणून न्हावीकाका मदतीला बसले होते. शिंपीकाकांनी सांगितलेलं नाव न्हावीकाकांचं नव्हतं. आता दोघं तालमीत दोन टोकांना बसतात. बासरीवाल्याने तर पासवर्ड बासरीच्या पेटीवरच खडूने लिहून ठेवला. महिन्याभरात आत येणारे पाच उरले.

त्या पाचांत मला चोर सापडला. रोज सकाळी सहाला यायचा, एकच रेकॉर्डिंग ऐकायचा आणि जायचा. खातं ताईचं. ताईला जाऊन आठ महिने झालेले, मग हा कोण? मी ते खातं तडकाफडकी बंद केलं आणि सभेत मिशीला पीळ देत सांगितलंही. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर माझी मुलगी एवढंच म्हणाली, “बाबा, आत्याचा फोन आता कुणाकडे असतो?”

दर सोमवारी न चुकता पासवर्ड बदलणारे, आकडा यावा म्हणून तिचा फोन चार्ज करून ठेवणारे, माझे सगळे नियम पाळणारे एकटे तुम्हीच होतात, आणि मी हाकललं तेही तुम्हालाच. भाऊजी, मला फार लाज वाटते.

आता मुलीने नियम बदललेत. पासवर्ड लांब पण लक्षात राहील असा, उगाच बदलायचा नाही. फोनवरचा आकडा फक्त ज्यांना साइटवरचं काही पुसता येतं त्यांनाच. फोन नंबर काढून टाकले. रेकॉर्डिंगची एक प्रत वेगळी ठेवली. आणि कुणाचंही खातं बंद करण्याआधी त्याच्या घरी एक फोन करायचा. हा शेवटचा नियम माझ्यासाठी आहे.

तुमचा मेहुणा

ता. क. : सोबत सभासदत्वाचा अर्ज आहे. स्वतःच्या नावाने भरा. गाता येण्याची अट नाही. असती तर मी कधीच बाहेर गेलो असतो.

ता. क. २ : ते रेकॉर्डिंग मी उघडून पाहिलं. ताई गाणं मध्येच थांबवून मला बेसूर म्हणते आणि तिला न्यायला आलेल्या तुम्हाला दार आपटल्याबद्दल झापते, तेच ना? नोंदींत हल्ली साडेसहालाही ते ऐकणारा एक जण दिसतो. त्याला मी पकडलेलं नाही. अर्ज लवकर धाडा आणि सहाला मला फोन लावत जा, दोघं मिळून बोलणी खाऊ.