कडी मी घातली होती

माय, भाकरी फुगली की तिचा पापुद्रा काढून तू माझ्या हातावर ठेवायचीस आणि म्हणायचीस, "फुक आधी, मंग खाय." आज धाकटी सून भाकरी टाकत होती, तिचा पदर चुलीकडे घसरला आणि मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारीण धावत आली. पदराला काहीच झालं नव्हतं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यातली ती सकाळ. आत्याला पाहायला सोयरे आले होते, अंगणात बसले होते. त्यांचे आवाज दाराशी आले म्हणून तू पिठाच्या हातांनीच पदर पुढे ओढलास, आणि त्याचं टोक चुलीत गेलं. पाण्याचा रांजण दाराबाहेर, चार पावलांवर. तू उठतेस, दाराकडे येतेस आणि थांबतेस. "दार लाव! सोयरे हायेत भायेर." मी नऊ वर्षांची. दार लावते. तू कोपऱ्यात जाऊन हातांनी लुगडं विझवायला लागतेस. तोंडातून आवाज नाही. बाहेर कुणीतरी हसतं. मग आजी दार ठोठावते, आणि कडी निघत नाही. माझ्या बोटांना ती निघतच नाही.

छकड्यात केळीची पानं अंथरून तुला जऊळक्याच्या स्टेशनावर नेलं, तिथून गाडीनं अकोल्याच्या दवाखान्यात. त्या खोलीत तुझ्यासारख्याच बाया होत्या. एकीची हनुवटी भाजून छातीला चिकटली होती. ती जगली होती, आणि मला तिचीच जास्त भीती वाटायची. तू मात्र आजीला म्हणालीस, "एकाच बाजूनं भाजली मी. उलटवायले कोनी भेटलं नाई."

"मेले, असं बोलू नोको," आजी रडत म्हणाली. मग हळूच विचारलं, "कडी कायले घातली वं? कोनं घातली?"

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. "म्याच घातली. पोरगी भेली होती, तिले काही पुसू नोका."

नवव्या दिवशी तू गेलीस. वडिलांनी मला नन्सच्या शाळेत ठेवलं. तिथं ख्रिस्ती मुली दर आठवड्याला चर्चमध्ये पाद्र्याला आपली पापं सांगून हलक्या होऊन यायच्या. आम्हा हिंदू मुलींना तोवर बाहेरच्या बाकावर बसवायचे. मला त्यांचा फार हेवा वाटे.

तू फक्त दार लाव म्हणाली होतीस. कडी माझ्या मनानं घातली. सोयऱ्यांनी तुला तशी पाहिली तर आत्याचं लग्न मोडेल आणि मला मार बसेल, एवढंच डोक्यात होतं. आत्याचं लग्न झालं. त्याच सोयऱ्यांकडे झालं.

परवा डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावली आणि मग मुलांना बाहेर बोलावून घेतलं, म्हणून लिहून ठेवते. तुझ्या पाटल्या थोरल्या मुलीला. शिवणयंत्र धाकट्या सुनेला. तिच्या हाताला वळण आहे. इंझोरीचं शेत दोघा मुलांत. माझी पुस्तकं शाळेला. हा कागद कुणालाच द्यायचा नाही. तो माझ्याबरोबर चितेवर ठेवा असं सांगावं, तर त्या चितेचीच मला भीती वाटते, माय. हे मी मुलांना सांगितलेलं नाही.