दादाच्या आवाजाचं पॅकेज

६ जुलै, रविवार

घात झाला. तोही माझ्याच हातानं! दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्सचे अपडेट साचले होते, काल सगळ्यांना हो म्हणून टाकलं. आज सातला आईला पेपर वाचून दाखवणारा प्रोग्राम सुरू झाला – आणि आतून परक्या बाईचा आवाज!

शुगरनं आईची नजर गेली, तेव्हा दादानं हा प्रोग्राम सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, स्वतः बांधला. आत स्वतःचा आवाज घातला. त्याला जाऊन चौदा महिने झाले, आवाज मात्र रोज सातला हजर. घरी बांधलेलं पॅकेज, म्हणजे तयार झालेला प्रोग्राम, होल्डवर ठेवायचं, नाहीतर अपडेट त्यावर साधं पॅकेज बसवतं – हे त्यानंच शिकवलेलं. मे महिन्यात साफसफाई करताना मी होल्ड काढला, परत लावायचा राहिला. जुन्या पॅकेजची फाईलही तेव्हाच पुसली. अक्कल गहाण पडली होती माझी.

आई पेपर संपेपर्यंत जागची हलली नाही. तेच जास्त लागलं.

७ जुलै

आजही ती बाईच. आईचा चहा तसाच गार झाला. माझ्यामुळे तिचा मुलगा दुसऱ्यांदा गेला.

८ जुलै

सोर्सचं फोल्डर सापडलं! दादाची रेकॉर्डिंगही आत. पण बांधताना त्यानं कोणते पर्याय दिले, कुठेच लिहिलेलं नाही. बिनापर्यायाचं बांधलं तर पुन्हा तीच बाई.

आई मध्येच विचारते, धरणातून पाणी सोडलं म्हणे, नदीकाठचे गाळे हलवले का? बिचारी, विषय बदलते.

९ जुलै

बदलांची नोंद ठेवायच्या फाईलमध्ये दादाची एक ओळ मिळाली. 'आईसाठी. आवाज माझा, वेग कमी, बाकीच्या भाषा बंद.' इतकी साधी! मी कपाटातल्या वह्या धुंडाळत होते.

नवीन बांधणीची नोंद करायला घेतली, तर खाली सही आपोआप उमटली – दीपक, आणि आजची तारीख. लॉगिन त्याचं, म्हणून नाव त्याचं. कळतं मला. तरी पुसायला हात धजावला नाही.

११ जुलै

पाऊण तास बांधणी चालली. आवाज दादाचाच – पण वेगाचा पर्याय द्यायचा राहिला. सुसाट, शब्दावर शब्द. डेंग्यूच्या तापात शेवटच्या दिवशी तो असाच बडबडत होता. मी वायरच उपटली. मागे दारात आई उभी होती. भिंत धरत आत गेली.

घरात अजून तो बडबडतोय असं वाटतं. आमच्या इंदिरानगरात रस्त्यावर एवढी वाहनं, पण मला तेच ऐकू येतं.

१२ जुलै

वेग दिला, परत बांधलं. दोन ओळी वाचून घेतल्या. तोच! 'आणि'वर थोडा थांबणारा. खूप रडले. आधी होल्ड लावला, मग डोळे पुसले.

१३ जुलै, रविवार

सातला दादानं पेपर वाचला. मी नेहमीसारखी दाराआड उभी. आईनं शेवटपर्यंत ऐकलं, मग हाक मारली.

"शुभे, ये अशी पुढं. रोज तिथं उभी ऱ्हाती, तुझी बांगडी वाजती. मला सोसत नाय गं त्याचा आवाज. वाटतं, आत्ता बाहेर येऊन चप्पल शोधंल. पण तू ऐकायची, मंग बंद कर कसं म्हणू?"

मी म्हटलं, मग त्या बाईच्या वेळी चहा का गार झाला?

"ऐकत बसले व्हते. वरसभरात पहिल्यांदा कळलं, पेपरात काय हाय ते."