बाहेर बसले ते दिवस

२८ ऑगस्ट, गुरुवार
सकाळी परकराला लाल डाग. नळ सोडून तिथेच बसून राहिले.
गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. रेडिएशनचे शेक संपले तेव्हा डॉ. बाईंनी बजावलं होतं: पिशवी काढलेली नाही, पण शेकांनी पाळी कायमची बंद. पुढे कधी लाल दिसलं तर वाट बघायची नाही, उठून यायचं.
मी वाट बघणार आहे. रविवारी महालक्ष्म्या बसतात. गेल्या वर्षी केमोने अंथरुणाला खिळले होते. या वर्षी मुखवटे मीच बसवणार, असं ठरवलंय.
आणि काल गणपतीची सुट्टी, विलास घरी. खूप महिन्यांनी आम्ही जवळ... दुखलं. ओठ दाबून पडून राहिले. नवऱ्याला कळायचं ते कळलंच, थांबला. त्यामुळे असेल. त्यामुळेच असेल.

२९ ऑगस्ट
पुन्हा. धुवायला ठेवलेला परकर आईंच्या नजरेस पडला. सासूच्या नजरेतून काही सुटेल तर शपथ. मी थाप शोधत होते, तर त्यांचा चेहरा उजळलेला.
"आली न वं पाळी! मले वाटतच होतं. पिशवी तं हायेच तुही. देवीनं ऐकलं पोरी, बरी झाली तू."
पाळी नाही, असं सांगणार होते. माझ्या आजारपणापासून त्या अशा हसल्याच नव्हत्या. मग लगेच, "आता सैपाकघरात नोको येऊ बापा, सोवळं हाय." हॉलमधल्या खुर्चीत बसवलं, हातात डिंकाचा लाडू. संध्याकाळी वर्धेला नणंदेला फोन करून ही खुशखबर.

३१ ऑगस्ट
देवी आल्या. दारापासून कुंकवाची पावलं वर्धेहून आलेल्या नणंदेने काढली, मुखवटेही तिनेच बसवले. मी बाल्कनीत, वाळत घातलेल्या कपड्यांत.
काय न्याय आहे. कॅन्सर होता तेव्हा माझी शिवाशिव नव्हती. बरी झाले म्हणून बाहेर.
डाग वाढलाय. खूप भीती वाटते.

१ सप्टें.
जेवणं. सोळा भाज्या, आंबील, पुरणाचा वास बाल्कनीपर्यंत. हळदीकुंकवाला येईल तिला आई सांगत होत्या, "सून बरी झाली बरं आमची." बायका लांबूनच हसून बघायच्या, मीही हसायचे.
विलास बुटीबोरीहून शिफ्ट करून आला, त्याला बाल्कनीत सांगितलं, ही पाळी नाही. खाली रस्त्याकडे बघत त्याने विचारलं, "माह्यामुळं झालं काय?"
माहीत नाही, म्हटलं. देवा, त्याच्यामुळेच असू दे. असलं मागणं मागणारी मी पहिलीच बाई असेन.

२ सप्टें.
आज बोळवण. सकाळी आई म्हणाल्या, "सुटलं असंल आता. डोक्यावरून न्हाऊन घे, अन् देवीले हळदीकुंकू लाव." सुटलं म्हणायला जीभ रेटेना. सांगून टाकलं. पाळी नाही आई. असं रक्त दिसलं तर ताबडतोब या म्हणाल्या होत्या बाई.
"मंग इतके दिवस काहून नाही बोलली?"
"तुम्ही खुश होत्या."
त्या उठल्या, माझा हात धरला. "पाळी नाही न? मंग बाहेर काहून बसली? चाल आत."
आत समया, फुलोरा, दोघी देवी. वर्षभर हेच डोळ्यांपुढे आणून दिवस काढले, आणि आता मला पुन्हा बाल्कनीत जाऊन बसायचं होतं. बाहेर होते तोवर या घरात एका माणसाच्या लेखी तरी मी बरी होते. लावताना कुंकू देवीच्या नाकावर सांडलं. आईंनी पदराने पुसलं.

४ सप्टें.
धंतोलीला, डॉ. बाईंच्या दवाखान्यात. शेकांपासून लघवी धरवत नाही. घरून, मनीषनगरहून निघाल्यावर विलास दोनदा गाडी थांबवतो, न विचारता.
डॉ. बाई रागावल्या, तेही हळू आवाजात. ते जास्त लागलं. तपासलं. "शेकांनी आतली कातडी पातळ होते, त्यानेही रक्त येतं. दुसरंही कारण असू शकतं. तुकडा काढून तपासायला पाठवते." दुसरं म्हणजे काय ते विचारायची हिंमत झाली नाही.
विलासमुळे झालं का, हे विचारायचं होतं, तेही जमेना. त्यांनीच विषय काढला. रिपोर्टपर्यंत जवळ येऊ नका, नंतर दुखण्यावर उपाय आहेत, लाजू नका. 'नंतर' म्हणाल्या. तो शब्द घरापर्यंत घोळवत आले.

८ सप्टें.
डाग नाही. आनंद करावा तर तोही करवत नाही. पाठ दुखते. पाठ आधी पण दुखायची ना? आठवत नाही.

११ सप्टें., गुरुवार
फोन आला. रिपोर्ट तयार आहे, प्रत्यक्ष या. चांगला असता तर फोनवर सांगितला नसता का? विलास म्हणतो, सगळ्यांनाच बोलावतात. म्हणताना गाडीची किल्ली शोधत होता, किल्ली त्याच्या हातातच.
आईही येणार म्हणतात. नको म्हटलं तरी लुगडं बदलून दाराशी बसल्यात. मी वेणी घालत होते तर आत आल्या, हळूच म्हणाल्या, "पाळी बी असू शकते न वं, पोरी?"
असू शकते, म्हटलं.
विलास खालून हॉर्न देतोय.